अ‍ॅडलेड ते डार्विन ‘द गॅन’ने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला राहते. इथला हिवाळा, म्हणजे जून-जुलै, जवळ आला की ओळखीतल्या कुणाचे तरी आई-बाबा, काका-मावशी पुण्या-नाशिकहून येतात आणि मला फोन येतो : “ती वाळवंटातून जाणारी गाडी आहे ना, तिच्याबद्दल जरा सांग.” तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. तिकीट, जेवण, सामान हे सगळं यात आहेच. पण ही गाडी मुळात त्याच वाटेने का गेली, हे कळलं तर खिडकीतलं सगळं वेगळं दिसतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

गाडी कुठून कुठे जाते आणि किती वेळ लागतो?

दक्षिणेला अ‍ॅडलेड, उत्तरेला डार्विन. अंतर २,९७९ किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या दुपटीहून जास्त. अ‍ॅडलेडहून दुपारच्या सुमारास निघते, दोन रात्री गाडीत जातात आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डार्विन येतं. डार्विनहून अ‍ॅडलेडकडे येताना मोसमात तीन रात्रींचा लांबचा प्रवासही असतो. त्यात ओपल या रत्नाच्या खाणींचं कूबर पेडी हे गाव दाखवतात. उन्हापासून वाचायला तिथली बरीच माणसं जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. सवड असेल तर हा तीन रात्रींचाच घ्या.

नावाचा उच्चार ‘घान’ की ‘गॅन’?

गॅन. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एच’ आहे, पण तो बोलत नाहीत. ‘अफगाण’ या शब्दाची ही शेपटी. आधी लोक ‘अफगाण एक्स्प्रेस’ म्हणायचे, पुढे तेवढंच उरलं. एक गोष्ट सांगतात की क्वॉर्न स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा एक अफगाण प्रवासी नमाजासाठी लगबगीने खाली उतरला आणि ते पाहून रेल्वेच्या माणसांनी गाडीला हे नाव ठेवलं. नाव पडण्याच्या आणखीही गोष्टी आहेत. इंजिनावर आणि डब्यांवर आजही उंट आणि त्यावरचा माणूस हे बोधचिन्ह आहे. आपल्या शब्दांत सांगायचं तर सांडणीस्वार.

ते उंटवाले खरंच अफगाण होते का?

काही होते. पण इथल्या गोऱ्या लोकांनी सगळ्यांनाच सरसकट ‘अफगाण’ म्हटलं. त्यांच्यात पठाण होते, बलुची होते, सिंधी, पंजाबी, राजस्थानी होते. उंट जहाजावर चढत ते कराचीहून, आणि त्या काळी कराची मुंबई इलाख्यात होती. सिंध मुंबईपासून वेगळा झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे या गाडीच्या नावाची सुरुवात ज्या बंदरातून झाली, त्याचा कारभार तेव्हा मुंबईतून चालत होता. मला हे कळलं तेव्हा ही गाडी एकदम जवळची वाटू लागली.

१८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी दोन डझन उंट कराचीहून मेलबर्नला आणले. खरी सुरुवात झाली ती १८६६ मध्ये. थॉमस एल्डर या धनिकाने सव्वाशेच्या आसपास उंट आणि त्यांच्याबरोबर ३१ माणसं पोर्ट ऑगस्टाला उतरवली. बैलाला आणि घोड्याला रोज पाणी लागतं आणि इथे दोन पाणवठ्यांमध्ये कित्येक दिवसांची वाट असते. उंट ते अंतर कापू शकत होता. तारांचे खांब, पीठ, साखर, पियानो, कातरलेल्या लोकरीचे गठ्ठे, सगळं उंटांच्या पाठीवरून गेलं. १८७२ मध्ये अ‍ॅडलेड ते डार्विन तारेची (टेलिग्राफची) लाइन पुरी झाली, तीही बरीचशी याच तांड्यांच्या जिवावर.

या माणसांना मिळालं काय? मॅरी नावाच्या गावात रुळांच्या एका बाजूला गोरे राहायचे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि इथले मूळ रहिवासी. १९०१ नंतरच्या गोऱ्यांपुरत्या धोरणामुळे त्यांना इथलं नागरिकत्व मिळेना, बायकोला देशातून आणता येईना. बरेच जण परत गेले. काहींनी इथल्याच बायकांशी संसार मांडले आणि त्यांची नातवंडं-पतवंडं आज या भागात आहेत. मॅरीत त्यांनी लावलेली खजुराची झाडं आहेत, आणि मातीच्या भिंतींची त्यांची छोटी मशीद होती तिची प्रतिकृती उभी आहे. अ‍ॅडलेड शहरात १८८८-८९ साली बांधलेली त्यांची मशीद आजही वापरात आहे. गाडी पकडायच्या आदल्या दिवशी तिथे पाच मिनिटं तरी थांबून या, असं मी प्रत्येकाला सांगते.

आजचे रूळ तेच जुने रूळ आहेत का?

नाहीत. आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर पाण्यात आहे.

मॅरीपासून ऊडनाडाटापर्यंत जमिनीखालून पाणी वर येतं. पूर्वेला क्वीन्सलंडच्या डोंगरांत पडलेला पाऊस खडकांत मुरतो आणि लाखो वर्षं जमिनीखालून सरकत इथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्या पाण्यातले क्षार साचून झऱ्याभोवती उंचवटा तयार होतो, एखाद्या मोठ्या वारुळासारखा. इथले मूळ रहिवासी अराबना आणि त्यांच्या शेजारच्या लोकांना यातला एकेक झरा नावानिशी माहीत होता. गेरूचा व्यापार करणाऱ्यांच्या वाटा याच झऱ्यांवरून जात. १८५९ नंतर जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा शोधक याच पाण्याच्या आधाराने उत्तरेकडे सरकत गेला. त्याच्यामागून तारेची लाइन गेली, तारेमागून उंटांचे तांडे, आणि शेवटी रेल्वे. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, मग रूळ दुसरीकडून जाणार कसे? एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंत माणसाने चालून पाडलेली वाट शेवटी रेल्वेच्या नकाशावर आली.

काम १८७८ मध्ये पोर्ट ऑगस्टाहून सुरू झालं. १८८४ मध्ये मॅरी, १८९१ मध्ये ऊडनाडाटा, आणि तिथे जवळजवळ चाळीस वर्षं थांबलं. तिथून पुढे पुन्हा उंटच. पहिली गाडी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पोचली ६ ऑगस्ट १९२९ रोजी. रूळ साडेतीन फुटी होते, आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षा जेमतेम सात सेंटिमीटर रुंद.

आता गंमत बघा. ज्या पाण्यासाठी रूळ तिथून नेले, त्याच पाण्याने ते वाहून नेले. या भागातल्या नद्या वर्षानुवर्षं कोरड्या असतात आणि एकदा वर पाऊस झाला की रात्रीत फुगतात. फिंक नदीने पूल उखडणं, भराव वाहून जाणं नेहमीचंच होतं. रुळांखालचे लाकडी स्लीपर वाळवी खायची. गाडीबरोबर एका उघड्या वॅगनीत जादा स्लीपर आणि अवजारं ठेवलेली असत, म्हणजे गाडीवरच्या माणसांनीच रूळ दुरुस्त करून पुढे जायचं. एकदा गाडी पुरात अडकली तेव्हा ड्रायव्हरने रानटी बकऱ्या मारून प्रवाशांना जेवू घातलं, ही गोष्ट इथे अजून सांगतात.

१९५४ मध्ये डिझेल इंजिनं आली आणि पाण्याची गरज संपली. तेव्हा नवी लाइन झऱ्यांपासून आणि पुरांपासून लांब, पश्चिमेकडे टाकता आली. टारकूला ते अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हा स्टँडर्ड गेजचा, काँक्रीटच्या स्लीपरांचा मार्ग १९८० मध्ये सुरू झाला आणि जुना बंद पडला. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या दक्षिणेला रुळांशेजारी ‘आयर्न मॅन’ नावाचा पुतळा दिसतो. दहा लाखावा स्लीपर बसवला त्याची आठवण म्हणून कामगारांनी तो उभा केला. अ‍ॅलिस ते डार्विन हा १,४२० किलोमीटरचा उरलेला टप्पा व्हायला मात्र २००३ उजाडलं. पहिली प्रवासी गाडी डार्विनला पोचली ३ फेब्रुवारी २००४ रोजी.

खिडकीतून बघण्यासारखं काय आहे? नुसतं ओसाडच ना?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाचा. ओसाड नाही. सावकाश बदलत जाणारं आहे, म्हणून डोळ्यांना थोडा वेळ द्यावा लागतो.

पहिल्या दुपारी गव्हाची शेतं आणि मेंढ्यांची कुरणं. मग उजवीकडे फ्लिंडर्स रेंजचे डोंगर. याच पट्ट्यात कुठेतरी गाडी गॉयडरची रेषा ओलांडते. १८६५ मध्ये मोठ्या दुष्काळानंतर जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षकाने घोड्यावरून फिरून, झाडं-झुडपं बघून एक रेषा आखली : हिच्या उत्तरेला पावसाच्या भरवशावर पीक येणार नाही. पुढे चार वर्षं बरा पाऊस झाला की शेतकरी रेषा ओलांडून वर गेले. एका गावाचं नाव हौसेने ‘फरीना’ ठेवलं, म्हणजे लॅटिनमध्ये पीठ. तिथे गव्हाचं कोठार होईल अशी आशा होती. दुष्काळ परत आला, गाव उठलं. आज तिथे दगडी भिंती उभ्या आहेत. मराठवाड्यातून आलेल्या एका काकांना मी हे सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती लाल होते. मातीतल्या लोखंडाला चढलेला गंज आहे तो. मुल्गा नावाची बाभळीच्या जातीची झुडपं, करडा-निळसर सॉल्टबुश, काटेरी गवताचे गोल गोल पुंजके. मग फिंक नदी. जगातल्या सगळ्यात जुन्या नद्यांत तिची गणना होते, आणि पुलावरून खाली पाहिलं तर बहुतेक वेळा नुसती वाळू दिसते. पण काठावरचे उंच निलगिरी बघा. मुळांना खाली पाणी मिळत असल्याशिवाय ते तिथे नसते. तिसऱ्या दिवशी कॅथरीन गावाच्या आसपास गवत उंच होतं, झाडी दाटते आणि वाळवीची वारुळं दिसू लागतात.

पहाटे उठा, एवढीच माझी विनंती. कांगारू उन्हात सावलीला पडून असतात, ते दिसले तर पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. आणि रात्री खोलीतला दिवा बंद करून पडदा उघडा ठेवा. एवढ्या चांदण्या मी फक्त लहानपणी आजोळी, वीज गेलेल्या रात्री पाहिल्या होत्या.

वाटेत कुठे कुठे उतरता येतं?

मारला या ठिकाणी पहाटे : शेकोटी, चहा आणि सूर्योदय. अ‍ॅलिस स्प्रिंग्जला दुपारचे काही तास, कॅथरीनला सकाळचे काही तास. सहली तिकिटात धरलेल्या असतात, कोणती हवी ते आधी निवडायचं.

अ‍ॅलिसला मी तारघर सुचवते. चार्ल्स टॉड हा तारेच्या कामाचा प्रमुख, म्हणून नदीला टॉड आणि पाण्याच्या जागेला त्याच्या बायकोचं नाव अ‍ॅलिस. झरा समजून ‘स्प्रिंग्ज’ म्हटलं, पण तो मुळात नदीच्या पात्रातला डोह आहे. अरेन्टे लोक या जागेला फार आधीपासून म्‍पार्न्ट्वे म्हणतात. इथेच विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या सेवेचं केंद्र आहे आणि दूरच्या पशुपालकांच्या मुलांसाठी १९५१ मध्ये रेडिओवरून सुरू झालेली शाळाही.

कॅथरीनला निटमिलुकच्या दरीत नावेतून फिरवतात. दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे उभे कडे, खाली हिरवट पाणी. ही जमीन १९८९ मध्ये तिच्या मूळ धन्यांना, जावॉइन लोकांना, परत मिळाली. नावाड्याने सांगितलेलं लक्ष देऊन ऐका.

गाडीतून उलुरू, म्हणजे तो प्रचंड लाल खडक, दिसतो का?

नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून रस्त्याने तो साडेचारशे किलोमीटरवर आहे. उलुरू बघायचा तर अ‍ॅलिसला प्रवास मोडून दोन-तीन दिवस वेगळे काढा. गाडी थांबते तेवढ्या वेळात जाऊन येणं जमत नाही. आणि त्यावर चढायला २०१९ पासून बंदी आहे. तिथल्या मूळ अनंगू लोकांसाठी तो पवित्र आहे, खालून प्रदक्षिणा घाला.

कधी यावं?

मे ते ऑगस्ट. दिवसा ऊन छान, उत्तरेत पाऊस नसतो. मात्र अ‍ॅलिसला रात्री पारा शून्याखाली जातो आणि मारलाच्या पहाटेला स्वेटर, कानटोपी दोन्ही लागतात. “वाळवंटात कसली थंडी” म्हणून सुती कपड्यांत आलेले पाहुणे मी पाहिले आहेत. उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, अ‍ॅलिसला तापमान चाळिशीच्या वरही जातं.

तिकीट खूप महाग आहे. स्वस्तातला डबा नाही का?

पूर्वी नुसत्या खुर्चीचा स्वस्त वर्ग होता. तो २०१६ मध्ये बंद झाला. आता सगळं खोलीचंच, आणि माणशी हजारो डॉलर पडतात. त्यात जेवण, पेयं, सहली येतात हे खरं. पण ज्या वाटेने साधी माणसं, कामगार, उंटवाले गेले त्या वाटेवर आता फक्त पैसेवाल्यांनी जावं, याचं मला वाईट वाटतं. सरळ सांगते.

परवडत नसेल तर दोन मार्ग आहेत. एक, अ‍ॅडलेड-अ‍ॅलिस-डार्विन लांब पल्ल्याची बस. दोन, आणि हा मला मनापासून आवडतो : अ‍ॅडलेडच्या उत्तरेला क्वॉर्न या गावी पिची रिची रेल्वे आहे. जुन्या गॅनच्या मार्गाचा एक तुकडा स्वयंसेवकांनी जिवंत ठेवला आहे. त्याच साडेतीन फुटी रुळांवर, जुन्या डब्यांतून, वाफेच्या इंजिनाने डोंगरातून पोर्ट ऑगस्टापर्यंत जाता येतं. रोज चालत नाही, तारखा बघून ठरवा. जुन्या गॅनचा आवाज आणि धूर अजून अनुभवायचा तर तो इथेच.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, पण बुकिंग करतानाच लिहून द्या, आणि निघण्याआधी एकदा आठवण करा. अंडं चालतं की नाही तेही स्पष्ट सांगा, कारण इथे ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं धरतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तर सगळं सविस्तर कळवावं. मांसाहारी असाल तर बारामुंडी हा इथला मासा जरूर खा. कांगारूचं मांसही असतं. क्वाँडाँग नावाचं लाल, आंबट फळ गोड पदार्थांत घालतात. ते शाकाहाऱ्यांनीही चुकवू नये.

घरून खाऊ आणला तर चालेल?

ऑस्ट्रेलियात उतरताना प्रत्येक खाण्याची वस्तू जाहीर करायची. पेढे, बर्फी असले दुधाचे पदार्थ, ताजा कडीपत्ता, फळं, पेरता येतील अशा बिया आणू नका. जाहीर न करता सापडलं तर दंड मोठा असतो. इथे राज्याराज्यांतही फळांवर बंधनं आहेत. सिडनीहून घेतलेली संत्री दक्षिण ऑस्ट्रेलियात आणता येत नाहीत, फळमाशीमुळे. चकली, शेव, चिवडा बहुधा अडत नाही, तरीही जाहीर कराच.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल का?

झेपतं. माझे सासू-सासरे पंच्याहत्तरीच्या पुढे असताना जाऊन आले. तीन गोष्टी आधी बघा. एक, दोघांच्या नेहमीच्या खोलीत बर्थ वर-खाली असतात आणि वरच्यावर शिडीने चढावं लागतं. दोघांचेही गुडघे दुखत असतील तर फक्त खालचा पलंग असलेल्या वरच्या वर्गाच्या खोलीचा विचार करा. दोन, मारलाला फलाट नाही, उंच पायऱ्या उतराव्या लागतात. मदतीला माणसं असतात. तीन, औषधं हातातल्या पिशवीत ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या. मोठ्या बॅगा सामानाच्या डब्यात जातात, वाटेत काढता येत नाहीत. दोन रात्रींपुरती छोटी पिशवी वेगळी भरा.

गाडी मध्येच रानात का थांबते?

एकेरी मार्ग आहे. समोरून मालगाडी आली की क्रॉसिंगला थांबावं लागतं. कोकण रेल्वेने गेलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

फोनला रेंज असते का? घड्याळाचं काय?

गावं सोडली की रेंज नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर इकडे फोन लागला नाही की तिकडे काळजी सुरू होते. डार्विन आणि अ‍ॅलिस भारताच्या चार तास पुढे, वर्षभर. अ‍ॅडलेडही चार तासच, पण ऑक्टोबर ते एप्रिल पाच.

गॅन घ्यावी की इंडियन पॅसिफिक?

इंडियन पॅसिफिक सिडनी ते पर्थ जाते, ४,३५२ किलोमीटर, १९७० पासून. तिच्या वाटेवर नलारबोरच्या सपाटीत ४७८ किलोमीटर रूळ एकही वळण न घेता सरळ जातात, जगातला सगळ्यात लांब सरळ मार्ग. रेल्वेवेडे असाल तर ती घ्या. पहिल्यांदाच येत असाल तर माझं मत गॅनला.

वाटेत उंट दिसतील का?

क्वचित, लांबवर. मोटारी आल्या तसे उंट बिनकामाचे झाले. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने कायदाच केला की मोकाट उंट मारता येतील. पोटच्या पोरासारखे सांभाळलेले उंट मारायला अनेक उंटवाल्यांचा हात धजेना. त्यांनी ते रानात सोडून दिले. आज मध्य ऑस्ट्रेलियात हिंडणारे रानटी उंट त्यांच्याच वंशातले. दुष्काळात ते पाणवठ्यांवर गर्दी करतात आणि तिथल्या लोकांना त्याचा खराखुरा त्रास होतो. जुन्या वाटेवरच्या त्या झऱ्यांवरही ते अजून पाण्याला येतात.